ओठाला चिकटते ती बाजू

पूंगावनम अक्काच्या ओठावर आमच्या वेधशाळेचा कारभार चालायचा, असं म्हटलं की खालच्या गावातली माणसं हसायची. वर कोंबैमलै डोंगरावर कुणी हसत नसे. आम्हाला माहीत होतं.

त्या काळी दुर्बिणीत काच बसवत. वीतभर चौकोनी काच, आणि तिच्या एकाच बाजूला उजेड पकडणारा लेप. लेपाची बाजू आकाशाकडे आली तर तारे टाचणीच्या टोकाएवढे नेमके उमटायचे. काच उलटी बसली, तर उजेडाला आधी काच ओलांडून यावं लागे आणि तारे लोकरीच्या गुंड्यासारखे पसरायचे, रात्र वाया. पण काच हाताळायची ती ठार काळोखात. लाल दिवासुद्धा नाही. कुठली बाजू कुठली हे बोटांना कळत नाही. म्हणून काचेचा कोपरा खालच्या ओठाला लावायचा. लेप असेल तर किंचित चिकटतो. उघडी काच असेल तर सुटून येते. एवढीच सगळी विद्या, आणि ती अक्काच्या ओठात होती.

ती आली डोक्यावर वाळूची पाटी घेऊन. घुमट बांधायचं काम चाललं होतं आणि डोंगरावरच्या पाड्यांतल्या बायका मजुरीला लागल्या होत्या. घुमट उभा राहिला, बाकीच्या बायका सामैच्या, म्हणजे वरईच्या, शेतांकडे परत गेल्या, अक्का कॅन्टीनमध्ये भांडी घासायला राहिली. काळोख्या खोलीचा कारभार तेव्हा देवसहायम अण्णांकडे होता. त्यांचे डोळे अधू होत चालले. डोळ्यांचं तिथं काम नव्हतं म्हणा, पण खोकल्यानं पण गाठलं. त्यांनी हाताखाली माणूस शोधायला सुरुवात केली. उमेदवाराला ते काळोखात कोंडून बसवायचे आणि बाहेरून कडी घालायचे. खालच्या अरूर गावाहून आलेला एक शिकलेला गडी दार बडवत सुटला होता. दुसरा म्हणे देवाची गाणी म्हणत होता. अक्काला कोंडलं, तर आतून आवाजच नाही. अण्णांनी घाबरून दार उघडलं तर बाई भिंतीला टेकून घोरत होती.

"अगं, तुला झोप कशी लागली?"

"कशी म्हंजी? लेकरं न्हाईत, सासू न्हाई, चूल न्हाई. आसली जागा मला जलमात मिळाली न्हवती, अण्णा."

अण्णांनी तिला ठेवून घेतलं. तिनं त्यासाठी पानाचा विडा सोडला. चुन्यानं ओठ बधिर होतात, बधिर ओठाला लेप कळत नाही. सासू पाड्यावर सांगत फिरली, "माज्या पोरानं सांगून सांगून घसा कोरडा केला तरी सुटला न्हाई त्यो विडा, आन् काचंनं सोडवला." कामावर यायच्या आधी अक्का तिखट खायची नाही, तेल लावायची नाही, कोमट पाण्यानं तोंड धुवायची. नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, अंगानं काटक, जीभ कात्रीसारखी. मला ती तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायची आणि मी तिला अक्का. मी एकांबरम, घुमटाची मोटर, दुर्बिणीचं चक्र आणि उघडझाप माझ्याकडे.

आमचे डॉक्टर कुरुविला कोट्टयमकडचे. जाड चष्मा, जाड मिशी, आणि गोड खायची अशी ओढ की खिशात गुळाचा खडा असायचाच. त्यांचा जीव दगडांवर होता. मंगळ आणि गुरूच्या मध्ये दगडांचा एक पट्टा आहे. लाखो दगड सूर्याभोवती फिरत असतात. त्यातला आजवर कुणी न पाहिलेला एखादा आपल्या काचेवर सापडावा, यासाठी त्यांनी डोळे झिजवले.

मार्गळी महिन्याच्या थंडीत तो सापडला. दोन वेगवेगळ्या वेळी काढलेल्या दोन काचा एका यंत्रात शेजारी ठेवायच्या, आणि आरसा फिरवून डोळ्याला एकदा ही, एकदा ती दाखवायची. तारे जागचे हलत नाहीत. जो ठिपका टुणकन इकडून तिकडे उडतो, तो आपला. डॉक्टरांनी यंत्रातून मान वर न करता मला हाक मारली होती. "एकांबरम, हा उडतोय!" त्यांचा आवाज चिरकला होता.

मग शेजारच्या घुमटातल्या मोठ्या दुर्बिणीवर त्यांनी त्याचा उजेड वेगवेगळ्या रंगांच्या काचांमधून मोजला. निळा उजेड कमी परततो, तांबूस जास्त. म्हणजे कोळशासारखा काळा नाही, दगडी आहे. शिवाय त्याचा उजेड थोडा वाढायचा, थोडा उतरायचा, पुन्हा वाढायचा. डॉक्टर म्हणाले, तो लांबुडका आहे, रताळ्यासारखा, आणि स्वतःभोवती फिरतोय. कधी रुंद बाजू दिसते, कधी टोक. इतक्या लांबच्या दगडाचा आकार त्याच्या मिणमिणण्यावरून सांगायचा. अक्काला हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आमच्या डोंगरात काय कमी दगड हाईत व्हय, म्हनून ह्यो वर शोधायचा?" पण ती त्याला कल्लु म्हणायला लागली. कल्लु म्हणजे दगडच. रोज आली की विचारायची, "कल्लु काय म्हनतो?" जसं काही पाड्यावरचं कुणी पोर तालुक्याला शिकायला गेलंय.

अडचण एकच होती. कल्लुच्या वाटेचा एक छोटा तुकडाच आमच्या हाती होता. वळणावर बस दिसली म्हणून ती संध्याकाळी कुठल्या गावी असेल हे सांगता येत नाही, तसं. आता काही महिन्यांनंतर तो कुठे आहे हे एकदा, फक्त एकदा नक्की कळलं असतं, तर सगळी वाट बांधता आली असती. नाहीतर तो सूर्याच्या मागे जाणार, पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूनं निघणार, आणि एवढ्या आभाळात त्याला कुठं शोधायचं हे कुणालाच ठाऊक नसणार. दगड हरवतो म्हणतात तो असा. पुढं कधीतरी कुणाला तरी सापडतो, आणि मग त्याचा होतो. डॉक्टरांचा आधीचा एक दगड असाच गेला होता. त्याविषयी ते बोलत नसत. कुणी विषय काढला तर उठून जात.

आणि पावसाच्या तोंडावरचा वैगासी महिना लागला. रोज दुपारी ढग. कल्लु आता संध्याकाळी पश्चिमेला असायचा, दिवस मावळल्यावर डोंगराच्या थोडा वर, रोज थोडा आणखी खाली. अमावास्या नुकतीच झाली होती. उद्यापासून चंद्राची कोर नेमकी त्याच भागात येऊन बसणार, तिच्या उजेडात एवढा अंधुक दगड काचेवर उमटणार नाही. चंद्र पुढं सरकेपर्यंत कल्लु सूर्याच्या झोतात गेलेला असणार. म्हणजे आज, नाहीतर नाही.

दुपारी आभाळ असं भरून आलं की डॉक्टरांनी स्वतःच सगळ्यांना घरी पाठवलं. "आज काही होत नाही," म्हणाले, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. अक्का पाड्यावर गेली.

दिवस कलायला आला आणि वारा फिरला. पश्चिमेचा ढग फाटल्यासारखा बाजूला झाला. डॉक्टर लुंगीवरच धावत बाहेर आले. "जीप काढ! अम्मांना आण!" अक्काला ते अम्मा म्हणत. मी जीप काढली.

पाड्यावर अक्काच्या अंगणात फणस कापलेला. त्यांच्या झाडाचा यंदाचा पहिलाच. पहिला फणस घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून खायचा, आणि त्याच दिवशी संपवायचा, उरवायचा नाही, ही तिथली रीत. तिचा नवरा वेळ्ळैयन तेल लावलेल्या हातानं गरे काढत होता.

"अक्का, चल. आभाळ उघडलं."

"तुझ्या डाक्टरनंच सांगितलं न्हवं, आज सुट्टी म्हनून?"

"आभाळ डॉक्टरला विचारून उघडतंय होय?"

वेळ्ळैयन म्हणाला, "बस की तंबी, दोन गरे खा. कल्लु काय पळून चाललाय?"

"पळूनच चाललाय, वेळ्ळैयन अण्णा."

अक्काचा हात पुन्हा तोंडाकडे चाललेला तिथंच थांबला. तिनं गरा टाकला, खोबरेल घेऊन ओठ चोळले, मग साबणानं धुतले, मग राखेनं, मग परत साबणानं. जीपमध्ये बसल्यावरही ती पदर ओला करून ओठ पुसत होती. मी आपला खड्डे चुकवत होतो.

वर आलो तेव्हा डॉक्टर घुमटाच्या दारात उभे होते. "काचा किती आहेत भाजलेल्या?" हे त्यांनी नमस्काराच्या जागी विचारलं. साधी काच एवढा अंधुक उजेड पकडत नाही. तिला नायट्रोजन वायूच्या भट्टीत मंद आचेवर भाजून घ्यावी लागते, आणि भाजलेली काच फार दिवस टिकत नाही.

"दोनच," अक्का म्हणाली. "बाकीच्या कच्च्या."

"एक पुरे. दुसरीला वेळच मिळणार नाही. चला, चला."

संधिप्रकाश सरत होता. ढगाचा मोठा लोट दक्षिणेच्या कड्यावर टेकून बसला होता, कधीही उठेल असा. डॉक्टरांचा बेत साधा होता: काळोख झाला की लगेच काच उघडायची आणि कल्लु डोंगराआड जाईपर्यंत किंवा ढग येईपर्यंत उघडीच ठेवायची. एकच लांबलचक दम.

अक्का घुमटाखालच्या काळोख्या खोलीत गेली. एरवी ती आत गेली की माझी एक विडी ओढून होईपर्यंत बाहेर यायची. त्या दिवशी वेळ लागला. डॉक्टरांनी दारावर टकटक केली.

"अम्मा, काय चाललंय आत?"

"आले, आले."

बाहेर आली ती काच बसवलेली चौकट पदराखाली धरून. डॉक्टरांनी ती जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि दुर्बिणीच्या पोटात बसवली. मी शोधक दुर्बिणीला डोळा लावला. त्या धाकट्या दुर्बिणीत कोळ्याच्या धाग्याची फुली असते. कल्लुजवळचा एक ठळक तारा त्या फुलीवर धरायचा आणि तो हलू द्यायचा नाही. हलला की बटण दाबून परत आणायचा. उजेड काचेवर पडत असेपर्यंत डोळा काढायचा नाही, कुणी मेलं तरी नाही.

"उघड," डॉक्टर म्हणाले. मी उघडलं.

थोडा वेळ गेला. तारा फुलीवर होता. मागं डॉक्टरांच्या येरझारा ऐकू येत होत्या. मग लोखंडी जिन्यावर अनवाणी पावलं वाजली. हळू चढत होती. मधे थांबली. पुन्हा चढली.

"सार."

"आत्ता नको, अम्मा."

"सार, थांबवा."

येरझारा थांबल्या. "काय थांबवा?"

"काच. उलटी बसली आसंल."

"असेल म्हणजे काय? बसलीय की नाही?"

"ठावं न्हाई. दोन्ही बाजू व्हटाला चिकटल्या. मला वाटलं, घाम आसंल. आत्ता खाली जाऊन तोंड धुतलं, तर हिकडं, तोंडाच्या कोपऱ्यात, चीक निगाला."

"चीक? कसला चीक?"

"फनसाचा."

दुर्बिणीचं चक्र घुं घुं करत होतं. माझा तारा फुलीवरून जरासा सरकला. मी बटण दाबलं.

"पण तुम्ही एक बाजू निवडलीत ना? कशी निवडलीत?"

"जास्त चिकटली ती."

"मग झालं की! जास्त चिकटली ती लेपाचीच."

"तसं न्हाई सार. चिकावर टेकली आसंल तर नुसती काचबी जास्तच चिकटंल. कुटं टेकली ते मला आता कसं सांगता येईल?"

"म्हणजे तुम्हाला निम्मी खात्री आहे."

"निम्मी."

"निम्मी!" डॉक्टर ओरडले. घुमटात आवाज घुमून परत आला. "हे मला काच बसवायच्या आधी सांगायचं होतं!"

"आदी ठावं आसतं तर सांगितलं नसतं व्हय? खाली बसून ऱ्हायाचंबी मनात आलं हुतं. बसले पन. बसवंना, म्हनून आले."

मला मागं वळून बघता येत नव्हतं. मी नुसते आवाज ऐकत होतो, आणि सगळं कळत होतं. काच बाहेर काढून तपासायची सोय नव्हती. एकदा बाहेर काढली की तीच काच तंतोतंत तशीच परत बसत नाही. तारे दोनदा उमटतात, सगळा घोळ. थांबवायचं म्हणजे ही काच सोडायची. थांबवलं आणि ती सुलटी निघाली, तर चांगली चाललेली काच आपल्या हातानं मारली. थांबवलं नाही आणि ती उलटी निघाली, तर कल्लु गेला. दुसऱ्या काचेला जो काही वेळ मिळणार तो क्षणाक्षणाला कमी होत होता, डॉक्टर विचार करत होते तेवढ्यानंसुद्धा.

"एकांबरम, ढग कुठंय?"

"मला बघता येत नाही सार."

डॉक्टर स्वतः घुमटाच्या फटीशी गेले. "उठलाय," ते म्हणाले. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मनात आलं, आता अक्कावर तोंड सोडतील. मग आणखी मनात आलं, ते म्हणतील, चालू दे. मी त्यांच्या जागी असतो तर चालूच दिलं असतं. बिघडलं असतं तर फणसावर ढकलता आलं असतं.

"बंद कर," डॉक्टर म्हणाले.

मी झाकण बंद केलं. खट्ट. तो आवाज मी हजार वेळा ऐकला असेन. तेवढा मोठा कधी वाटला नव्हता.

पुढचं मी पाहिलेलं नाही. काळोख्या खोलीत कुणीच काही पाहू शकत नाही म्हणा. अक्कानं मला नंतर सांगितलं. तिनं डॉक्टरांनाच आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

"सार, व्हट फुडं करा."

"काय?"

"माजा व्हट आज कामाचा न्हाई. तुमचा द्या."

"मला नाही जमणार. मी हे कधी केलेलं नाही."

"जमायचं काय त्यात? चिकटलं की हं म्हना. मिशी वर धरा. वर, वर. तुमच्या मिशीत माजी काच आडकंल."

"अम्मा, वेळ…"

"ही बाजू."

"…नाही."

"ही?"

"हं."

"खरं हं, का घाईचं हं?"

"परत लावा," डॉक्टर म्हणाले. तिनं परत लावली. "हं. हीच. नक्की हीच."

जिन्यावरून दोघं धापा टाकत आले. डॉक्टरांच्या हातून चौकट बसता बसेना, अक्कानं खालून हाताचा आधार दिला. "उघड." मी उघडलं. कल्लु आता बराच उतरला होता. डोंगराजवळची हवा पाण्यासारखी हलत होती, आणि माझा तारा फुलीवर थरथरत होता. मी त्याला धरून बसलो. मागं दोघंही उभीच होती. अक्का काहीतरी पुटपुटत होती; मारियम्मनला साकडं घालत होती की स्वतःला शिव्या, कळलं नाही.

"सार," मी म्हणालो, "तारा मळायला लागला."

"अजून आहे ना?"

"आहे. अंधुक."

"राहू दे."

तारा तांबूस झाला. मग राखी. मग फुलीचे धागे उरले आणि त्यावर काही नव्हतं.

"गेला सार."

डॉक्टरांनी फटीतून हात बाहेर काढला आणि तळहात बघितला. पाण्याचा थेंब होता. मी झाकण लावलं आणि घुमट मिटवला. मोटर थांबते न थांबते तोच पत्र्यावर पाऊस वाजायला लागला.

दोन्ही काचा अक्काच धुणार होती. डॉक्टर आणि मी काळोख्या खोलीच्या बाहेर उभे राहिलो. आत पाण्याचा आवाज, थाळी हलवल्याचा आवाज. औषधाच्या पाण्यात लेप फुगतो, बुळबुळीत होतो, आणि मग बोटांनाही कळतो. चौकटीतून काच काढून थाळीत टाकली की वर कुठली बाजू होती हे अक्काला डोळ्यांशिवाय कळणार होतं. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

थाळीचा आवाज बंद झाला.

"सार," दाराआडून अक्का म्हणाली.

"बोला."

"पैली काच बरोबर हुती."

डॉक्टर पायरीवर बसले. मी भिंतीकडे बघायला लागलो. चांगली चाललेली काच थांबवली होती. अर्ध्यावर. आत अक्का उभी, बाहेर आम्ही, आणि मधलं दार बंद. मला वाटलं, आता काहीतरी फुटणार.

"बरं," डॉक्टर म्हणाले. एवढंच.

जरा वेळानं आतून परत आवाज आला. "दुसरीबी बरोबर हाय."

काचा वाहत्या पाण्यात धुऊन सुकायला लावल्या. डॉक्टरांनी अक्काला सांगितलं, घरी जा, जीप सोडेल. ती गेली नाही. काचांच्या मांडणीसमोर जमिनीवर बसून राहिली. मी सुंठीची कॉफी आणून दिली, तीही तशीच निवली. खाली वेळ्ळैयन कंदील घेऊन आला होता. त्याला तिनं दारातूनच परत लावलं. "जा तू. माजं काम संपलं न्हाई." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "काम संपलं न्हाई का तोंड दावायचं न्हाई?" तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो कंदील सावरत निघाला.

सकाळी पाऊस थांबला होता. काचा सुकल्या होत्या. डॉक्टरांनी आधी पहिली काच यंत्रात लावली. कल्लु जिथं असायला हवा असा त्यांचा हिशेब होता, तिथं काही नव्हतं. त्यांनी भिंग हळूहळू सरकवत नेलं. हातात पेन्सिल होती, तिचं टोक त्यांनी दाबून मोडलं. अक्का दाराशी उभी होती. आत ये म्हटलं तरी येत नव्हती.

"इथं एक डाग आहे," डॉक्टर शेवटी म्हणाले. "पण हिशेबापासून बाजूला. आणि इतका पुसट आहे की लेपातला दोष असू शकतो. काचेवर असे शंभर डाग असतात."

"धूळ न्हवती," अक्का दारातून म्हणाली. "मी काच झटकली हुती."

"धूळ नाही म्हणत मी. लेपातच असतो दोष."

त्यांनी दुसरी काच शेजारी लावली, तारे तंतोतंत जुळवले आणि आरसा फिरवायला सुरुवात केली. टक, टक. टक, टक. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो. टक, टक. मग तो आवाज थांबला, आणि परत सुरू झाला, जोरात, भराभर.

"एकांबरम," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक. "बघ."

मी बघितलं. डागांच्या गर्दीतला एक डाग उडत होता. इकडे, तिकडे. इकडे, तिकडे. उडी एवढीशी, केसभर. पण ताऱ्यांतला एकही हलत नव्हता आणि तो हलत होता. दोन काचांच्या मधे जेवढा वेळ गेला तेवढ्यात कल्लुनं जेवढं चालायचं तेवढंच, आणि ज्या दिशेला चालायचं त्याच दिशेला.

डॉक्टरांनी उडी मोजली, परत मोजली, मग मला मोजायला लावली. जमलं. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं उगाच पुसत बसले.

"अम्मा, इकडे या."

"मी काय बगू त्यात?"

"या म्हणतो ना."

इतकी वर्षं तिनं त्या यंत्रासाठी काचा तयार केल्या होत्या, पण त्यात डोळा कधी लावला नव्हता. कुणी लाव म्हटलंही नव्हतं. ती पदराला हात पुसत आली, वाकली. मी आरसा फिरवत राहिलो.

"कुटं? सगळ्या चांदण्याच हाईत की."

"मधोमध. जरा डावीकडं."

"आगं बाई. उडतोय की ओ ह्यो!" ती हसली. मग डोळा न काढताच तिनं विचारलं, "ह्यातली पैली कुठली?"

"ही," मी आरसा एका जागी धरला.

ती बराच वेळ त्या काचेकडे बघत राहिली. मग सरळ उभी राहिली. "सार, एक इचारते. मी काल वर आले नसते, तर ही काच शेवटपर्यंत चालली आसती. मग ह्यो डाग ठळक झाला आसता का न्हाई?"

"झाला असता. थोडा ठळक."

"आन् दुसरी काच नसती. मग ह्यो कल्लु हाय का दोष हाय, हे तुमी वळखलं आसतं का?"

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मला वाटलं ते तिला बरं वाटेल असं काहीतरी बोलतील. हो म्हणायला हरकत नव्हती, नाही म्हणायलाही. त्यांनी परत यंत्रात बघितलं, जणू उत्तर तिथं होतं.

"माहीत नाही, अम्मा," ते म्हणाले. "खरंच मला माहीत नाही."

अक्कानं मान हलवली. ते उत्तर तिला पटल्यासारखं दिसलं. "मलाबी काल ठावं न्हवतं," ती म्हणाली. "म्हंजी चूक केली ती केलीच. पर कल्लु हरवला न्हाई न्हवं?"

"नाही. आता नाही हरवत."

"मग बास."

ती थाळ्या धुवायला निघून गेली. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून जीपची किल्ली मागितली. कल्लुचा ठावठिकाणा बाहेरच्या वेधशाळांना तारेनं कळवायला अरूरच्या तार कचेरीत ते स्वतःच जाणार होते.